एमजीबी घेताय? आधी जमिनीवर आडवे व्हा

गेल्या वर्षी गणपतीच्या पंगतीत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ती तुझी लाल गाडी खरंच चालते का रे? की नुसती धुऊन-पुसून ठेवायची?" इंग्लंडात येऊन पाच-सहा वर्षं झालेली ही मंडळी. तिघांच्याही डोक्यात जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घोळत होती आणि 'त्या रस्त्यात बंद पडतात' हेही तिघांनी ऐकलं होतं. मसालेभात येईपर्यंत माझं उत्तर काही संपलं नाही, म्हणून आता नीट लिहून काढतो.

माझी गाडी १९७२ची एमजीबी जीटी. सहा वर्षं माझ्याकडे आहे, वर्षाला तीनेक हजार मैल चालते. या काळात ती चार वेळा रस्त्यात थांबली आणि तीन वेळा मी ती स्वतःच चालू करून घरी आणली. सगळ्यात मोठा खर्च झाला तेव्हा मात्र ती बंद पडलीच नव्हती, गुपचूप सडत होती. लोक इंजिन, कारब्युरेटर आणि वायरिंगची भीती घालतात. ते सगळं घरच्या हत्यारांनी दुरुस्त होतं. सडलेला सांगाडा होत नाही, झालाच तर गाडीच्या किमतीएवढे पैसे खातो. त्यामुळे खाली पत्र्याबद्दल खूप लिहिलंय आणि बाकीचं त्या मानाने थोडक्यात आहे.

एक खुलासा आधीच करतो. एमजी म्हटलं की घरच्यांना २०१९पासूनची हेक्टर आठवते. ते नाव आता चीनच्या सायक कंपनीकडे आहे आणि त्या गाड्या गुजरातेत हालोलला बनतात. मी बोलतोय ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची एमजी, म्हणजे मॉरिस गॅरेजेस. तिथे १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. इतक्या बनल्या म्हणूनच नवख्यांनी पहिली गाडी हीच घ्यावी असं माझं मत आहे. ट्रायम्फ टीआर६ दिसायला देखणी आणि जॅग्वार ई-टाइपबद्दल तर बोलायलाच नको, पण एमजीबीचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. अख्खी बॉडीसुद्धा मिळते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून जुन्या साच्यांवर ती बनवतेय.

आणि एक आपला धागाही आहे. माझे काका नाशिकला सरकारी ड्रायव्हर होते, हातात पांढरी अँबॅसेडर. अँबॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, 'बी-सिरीज'. मी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा काका क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, ही तर आपलीच की. हिला दोन कारब्युरेटर कशाला लावलेत?"

पायरी १ : कुठली एमजीबी, ते ठरवा

पहिला प्रश्न छपराचा. उघडी असते ती रोडस्टर, पक्क्या छपराची ती जीटी. जीटी १९६५ला आली, तिच्या मागच्या उताराला इटलीच्या पिनिनफरिनाचा हात लागलेला आहे. रोडस्टरला भाव जास्त मिळतो. मी जीटी घेतली कारण इथे पाऊस किती पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि पक्क्या छपरामुळे गाडीचा सांगाडा जास्त ताठ राहतो. मागच्या सीटवर मात्र कुणाला बसवायचं स्वप्न पाहू नका. तिथे किराणा मावतो, फार तर एखादं लहान मूल.

दुसरा प्रश्न बंपरचा. १९७४च्या शरद ऋतूपासून अमेरिकेच्या नियमांपायी क्रोमचे बंपर गेले आणि काळे रबरी आले. गाडीही साधारण दीड इंचाने उंच झाली, त्यामुळे वळणावर जास्त झुकते. एमजीवाल्यांच्या क्लबात या गाड्यांची थोडी चेष्टा होते. पण आत यंत्र तेच आणि भाव कमी. बजेट तंग असेल तर चांगल्या पत्र्याची रबरी बंपरवाली घ्या, सडक्या क्रोमच्या मागे लागू नका.

तिसरं म्हणजे साल. १९६४च्या ऑक्टोबरपासून इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग आली. १९६७च्या अखेरीस मार्क-२ आली, तिच्यात पहिल्या गिअरलाही सिंक्रो (गिअर न खडखडता पडायची सोय) मिळालं, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि अर्थिंग पॉझिटिव्हचं निगेटिव्ह झालं. त्याआधीच्या गाडीला सरळ आजचा रेडिओ किंवा चार्जर जोडाल तर तो जळेल. नवख्या माणसाला मी १९६८ ते १९७४ सांगेन.

ओव्हरड्राइव्ह असलेलीच घ्या. चार गिअरांच्या वर एक स्विच, बस. ते नसेल तर मोटारवेवर ७० मैलांना इंजिन चार हजारांच्या आसपास किंचाळत राहतं. असेल तर बत्तीसशेवर येतं. सहा सिलिंडरची एमजीसी आणि ३.५ लिटरची व्ही८ हे वेगळे प्राणी आहेत, पहिल्या खरेदीत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २ : घरून निघण्याआधी

जाहिरातीतला नंबर सरकारी साइटवर टाका. एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीचा, इतिहास फुकट दिसतो, २००५पासूनचा. त्यात 'गंज' हा शब्द कुठल्या वर्षी पहिल्यांदा येतो आणि पुढच्या वर्षी गायब होतो का, ते बघा. गायब झाला असेल तर दुरुस्तीचे फोटो मागा. फोटो नसतील तर तो लांबी (पुट्टी) भरून लपवलाय असं धरून चला. मैलांचा आकडाही ताडून पाहा. वर्षाला पन्नास मैल चाललेली गाडी ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात तिचे रबरी होज, ब्रेकचे सिलिंडर आणि टायर उभ्या उभ्या म्हातारे झालेले असतात.

विकणाऱ्याला फोनवर सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर सकाळचं थंड स्टार्टिंग तुमच्यापासून लपवलं गेलंय. आणि पावसात गाडी बघायला जाऊ नका, ओला रंग सगळ्या खोडी झाकतो.

सोबत न्यायचं सामान :

- चांगला टॉर्च
- लोहचुंबक, पातळ रुमालात गुंडाळलेला
- खाली झोपायला जुनी चटई किंवा प्लास्टिक
- हाताच्या तळव्याएवढा आरसा
- गाडी आवडली तरी "नको" म्हणू शकेल असं घरातलं एक माणूस

पायरी ३ : पत्रा

मी माझी गाडी बघायला गेलो तेव्हा यादीतलं पहिलं आणि शेवटचं सोडून सगळं विसरलो होतो. शेवटचं, म्हणजे बायको, म्हणाली, "रंग जरा जास्तच नवा वाटत नाही?" मी म्हणालो, माणसाने हौसेने केलाय. आठ महिन्यांनी एमओटी करायला नेली (माझ्या गाडीला ती सक्तीची नाही, त्याबद्दल पुढे). परीक्षकाने दाराखालच्या पट्टीवर त्याचं हत्यार टेकवलं आणि नुसता दाब दिला. चहात बुडवलेलं पार्ले बिस्कीट जसं आपसूक मोडतं, तसा तो पत्रा खाली गळला. आत वर्तमानपत्राचा बोळा होता, त्यावर लांबी, त्यावर तो हौसेचा लाल रंग. दोन्ही बाजू कापून नव्याने वेल्ड करायला २,६०० पौंड गेले.

कारण समजून घ्या, मग कुठे बघायचं ते आपोआप कळतं. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पेटी असते तिला 'सिल' म्हणतात. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा असे तिचे तीन थर, खाली 'कासल रेल' नावाची घडी घातलेली पट्टी. रोडस्टरला छप्पर नाही, त्यामुळे गाडीचा सगळा भार या दोन पेट्यांवर. आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल नेमका याच पेटीच्या तोंडाशी, मडगार्डच्या आत साचून बसतो. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खारट, ओला चिखल वर्षानुवर्षं. पुढचं सांगायला नको.

आता चटई अंथरा आणि या क्रमाने बघा.

दाराच्या फटी आधी उभं राहून बघा. मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिकटलेली आणि खाली मोकळी, किंवा उलट, असेल तर सांगाडा बसलेला आहे किंवा वेल्डिंग करताना गाडीला नीट आधार दिला नव्हता. मग मालकाला जॅक लावायला सांगा. गाडी उचलली जात असताना फटीवर नजर ठेवा. फट हलली तर चटई गुंडाळा, आभार माना, घरी जा. हलली नाही तर दार उघडून बंद करून बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, हे लिहायची वेळ येऊ नये पण लिहितोच.

मग सिलवरून रुमालातला चुंबक फिरवा. तो सगळीकडे सारखा ओढला गेला पाहिजे. जिथे निसटतो तिथे पत्रा नाही, लांबी आहे. खालच्या कडेला जिथे पत्रे जुळतात तिथे आरसा धरा. तीनऐवजी चार थर दिसले तर जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा चढवलाय. याला इथे 'कव्हर सिल' म्हणतात, हा सगळ्यात जुना सापळा. अस्सल सिल पुढच्या मडगार्डच्या मागे आत शिरतो. त्यामुळे तो बदलायचा तर मडगार्ड काढावं तरी लागतं किंवा त्याचा खालचा तुकडा कापावा तरी. मडगार्डच्या शिवणीपाशी येऊन थांबलेला नवा सिल म्हणजे अर्धं काम.

त्यानंतर जमिनीचा पत्रा, कार्पेट उचलून. मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग जिथे बॉडीला जोडल्यात ती ठिकाणं. सीटच्या मागे झाकणाखाली बॅटरीच्या पेट्या असतात, त्यांचा तळ. दाराच्या छोट्या तिकोनी काचेखाली पत्र्याला उभी चीर गेलेली दिसेल. ती जवळजवळ प्रत्येक एमजीबीला असते, तिच्यावरून भाव पाडा पण घाबरू नका.

बाकी रंग, सीट, क्रोम, कार्पेट? ते मी सांगायची गरज नाही. तुम्ही तेच बघणार आहात.

पायरी ४ : इंजिन ऐका, मग चालवा

चावी अर्धी फिरवा आणि थांबा. मागून टिक्-टिक्-टिक् असा आवाज येईल. तो एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप. कारब्युरेटर भरले की टिकटिक थांबते. थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळतंय, फ्लोटची सुई अडकलीय किंवा टाकी रिकामी आहे.

चोक ओढून थंड इंजिन चालू करा. तेलाच्या दाबाचा काटा लगेच वर यायला हवा. इंजिन पुरतं गरम झाल्यावर चालत्या गाडीत तो ५० पीएसआयच्या वर आणि आयडलला १५ ते २५च्या दरम्यान असेल तर ठीक. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचा आवाज शिवणयंत्रासारखा यायलाच हवा. मी एकदा काकांना कौतुकाने सांगितलं की माझे टॅपेट अगदी गप्प झालेत. ते ओरडले, "गप्प म्हणजे टाइट! व्हॉल्व्ह जाळशील. बोलू दे त्याला." थंड इंजिनावर पंधरा थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) गॅप ठेवा, तेवढी टकटक राहणारच.

तेलाच्या टोपणाखाली दह्यासारखा पांढरा थर दिसला तर हेड गॅसकेटची शंका घ्या. पण हिवाळ्यात नुसती दुकानापर्यंत जाणारी गाडीही असं दही लावते, म्हणून रेडिएटरचं पाणी आणि तापमानाचा काटा बघूनच ठरवा. उतारावर पाय सोडल्यावर मागून निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. हे काम परवडण्याजोगं आहे.

तारांची चाकं असतील तर गाडी हलकेच पुढे-मागे करा. मागून 'टणक्' आवाज आला तर चाकाच्या आतले दाते झिजलेत. नवी चाकं आणि हब मिळून बिल चांगलंच येतं. रॉस्टाइलची पोलादी चाकं कमी देखणी, पण त्यांचा हा त्रास नाही.

चौथ्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्हचा स्विच दाबा. आरपीएम साधारण पाचव्या हिश्शाने उतरायला हवा. माझ्या गाडीत स्विच दाबल्यावर एक क्षण काहीच होत नाही, मग पाठीमागून कुणी हलकेच हात ठेवावा तसं इंजिन खाली बसतं. ९५ अश्वशक्तीची ही गाडी आहे. सिग्नलला कुठलीही आजची डिझेल फॅमिली कार तिला मागे टाकेल. पण तुम्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेले असता, स्टिअरिंगला पॉवर नसते, खालचा प्रत्येक खडा हाताला कळतो, आणि कॉट्‌सवोल्ड्‌सच्या दगडी कुंपणांमधून ताशी ४५ मैलांनी जाताना मला जी मजा येते ती ऑफिसच्या इलेक्ट्रिक गाडीत ८०लाही येत नाही. या गाड्यांचं वेड का लागतं, ते या चक्करीत कळेल. कळलं तर कळलं, नाही तर तुमचे पैसे वाचले.

पायरी ५ : कागद

तुमच्या हाती यायला हवेत :

- व्ही५सी लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या पट्टीशी जुळणारा
- सही-तारखेची पावती, कारण व्ही५सी मालकीचा पुरावा मानत नाहीत. तो फक्त नोंदणीकर्ता कोण ते सांगतो
- विकणाऱ्याकडून फाडून घेतलेली हिरवी स्लिप, व्ही५सी/२
- जुन्या बिलांची फाइल. जितकी जाड तितकी बरी
- जमलं तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचा हेरिटेज दाखला; गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता आणि कुठल्या देशात पाठवली ते त्यात असतं

हा दाखला कामाचा अशासाठी की अमेरिकेतून परत आणलेल्या बऱ्याच गाड्या बाजारात आहेत, डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे करून. कोरड्या हवेतली असेल तर पत्रा उत्तम असतो. फक्त ते तुम्हाला सांगून विकलेलं असावं.

चाळीस वर्षांवरची गाडी 'हिस्टॉरिक' वर्गात येते आणि रोड टॅक्स शून्य होतो. इथे नवखे हमखास फसतात. शून्य असला तरी टॅक्स 'भरावा' लागतो. जुन्या मालकाचा टॅक्स गाडीबरोबर येत नाही. घरी चालवत नेण्याआधी तुमच्या नावाने करा. शिवाय वर्ग आपोआप बदलत नाही. व्ही५सीवर अजून हिस्टॉरिक लिहिलेलं नसेल तर पोस्टात जाऊन अर्ज करावा लागतो. लंडनच्या युलेझमधून, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कातून, हिस्टॉरिक गाड्या सुटतात, पण कंजेशन चार्ज मात्र द्यावा लागतो. माझ्या मित्राला दंडाचं पत्र आल्यावर हा फरक समजला.

२०१८च्या मे महिन्यापासून, मोठे बदल न केलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटीची सक्ती नाही. तरीही दरवर्षी करा. गाडी रस्त्यावर धोकादायक अवस्थेत सापडली तर २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन पॉइंट बसू शकतात, सक्ती असो वा नसो. आणि माझा सिल कुणी शोधला, ते वर वाचलंतच.

विमा क्लासिकचा वेगळा घ्या, 'ठरलेल्या किमतीचा'. म्हणजे गाडी गेली तर कंपनी आधी मान्य केलेली रक्कम देते, बाजारभावावर वाद घालत नाही. फोटो मागतात, वर्षाचे मैल मर्यादित ठेवतात. इथे आल्यावर पहिले बारा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते हे खरं, पण क्लासिकचा विमा देणाऱ्या बहुतेकांना ब्रिटिश परवाना आणि घरात रोजची दुसरी गाडी हवी असते. परवान्याची परीक्षा आधी, एमजी नंतर.

(ही गाडी पुढे पुण्याला नेऊ असं मनात असेल तर तो विषयच वेगळा आहे. या लेखाच्या भरवशावर कंटेनर बुक करू नका.)

पायरी ६ : हत्यारं आणि पहिला आठवडा

माझ्याकडे भारतातून आणलेला पान्यांचा छान सेट होता, सगळा मिलिमीटरचा. एमजीबीचे नट इंचाचे. अर्ध्या इंचाच्या नटावर १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की कडा खातो, आणि मग तो नट छिन्नीनेच निघतो. पहिल्याच रविवारी माझे दोन नट गोल झाले. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने बहुतेक कामाला पुरतात. त्याशिवाय फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), ग्रीस गन, उचललेली गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या, एक साधा टेस्ट लॅम्प, आणि तारांची चाकं असतील तर मऊ तोंडाचा हातोडा.

पहिल्या आठवड्यात सगळी द्रव्यं बदला, आधीच्या मालकाने काय भरलंय यावर विश्वास ठेवू नका. इंजिनाला २०डब्ल्यू-५० तेल. आजच्या गाड्यांचं पातळ तेल घालू नका. ब्रेक ऑइल तर आधी. जुन्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं, ते गेलं की पायाखाली काहीच उरत नाही, मग हँडब्रेक आणि देव.

पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या दोन्ही किंगपिनांना ग्रीस भरायची प्रत्येकी तीन निपल असतात. दर तीन हजार मैलांनी जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा. कंटाळवाणं, गुडघे दुखवणारं, वीस मिनिटांचं काम. ते टाळणाऱ्यांचे किंगपिन जातात आणि तेच लोक ब्रिटिश गाड्या टिकत नाहीत म्हणून सांगत फिरतात.

दोन्ही एसयू कारब्युरेटरच्या डोक्यावर एकेक टोपण असतं. ते फिरवून काढा, आत थोडं तेल हवं. नसेल तर पाय दाबल्यावर गाडी आधी अडखळते आणि मग उचलते. लोक या खोडीवर पूर्ण ट्यूनिंगचे पैसे देतात.

पायरी ७ : बंद पडली तर

ल्यूकस कंपनीच्या वायरिंगवर इथे ढीगभर विनोद आहेत. इंग्रज बिअर कोमट का पितात? कारण फ्रिज ल्यूकसचा. हसून झालं की हे ऐका : अर्ध्या शतकानंतर जो दोष सापडतो तो बहुधा गंजलेला अर्थ (वायर बॉडीला जोडतात ती जागा) किंवा सैल पडलेला जोड असतो, किंवा मग आधीच्या कुणा मालकाने लाल चिकटपट्टीने केलेली कलाकुसर. एका पावसाळी शनिवारी प्रत्येक अर्थ सोडवा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, परत घट्ट करा. माझ्या गाडीचे निम्मे 'इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' त्या दिवशी संपले.

वायरचे रंगही पाठ करा, ते शिस्तीचे आहेत. तपकिरी म्हणजे सतत करंट, फ्यूज नाही. पांढरी, चावी फिरवल्यावर. हिरवी, चावीनंतर पण फ्यूजमधून. जांभळी, सतत पण फ्यूजमधून. काळी म्हणजे अर्थ.

रस्त्यात थांबलात तर काकांचा मंत्र : "आधी करंट, मग पेट्रोल, मग डोकं." डोकं म्हणजे इंजिनाचं की आपलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी ए४२०वर फॅरिंग्डनच्या अलीकडे माझी गाडी दोन आचके देऊन थांबली. चावी अर्धी फिरवली. टिकटिक नाही. मागचं उजवं चाक जिथे आहे त्याच्या थोडं पुढे, खाली, पंप असतो. पंपातले पॉइंट कधीकधी चिकटतात. मी पावसात गवतावर आडवा, हातात चाकाचा हातोडा, तेवढ्यात माझ्या कानाशी एका कुत्र्याचं नाक आलं. पाठोपाठ त्याच्या सत्तरीच्या मालकाचे गमबूट. "पंप?" त्याने विचारलं. "पंप," मी म्हणालो. "दांड्याने मारा, तोंडाने नको. माझ्याकडे १९६९ची होती." मी दांड्याने दोनदा हलकेच ठोकलं. टिक्-टिक्-टिक्. तो गृहस्थ मला त्याच्या १९६९च्या गाडीबद्दल पुढची पंचवीस मिनिटं सांगत राहिला, पावसातच. या देशात अनोळखी माणूस आपणहून इतका वेळ बोलतो तो फक्त कुत्रा किंवा एमजी जवळ असेल तर.

डिकीत कायम ठेवायचं : इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, फॅनबेल्ट, फ्यूज, पाण्याची बाटली. एक सूचना. नव्या रोटर आणि कंडेन्सरचा दर्जा फार वर-खाली असतो. तुमच्या गाडीत व्यवस्थित चाललेला जुना जोड फेकू नका, तोच राखीव ठेवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं चुकतं असं नाही, पण मी पॉइंटवरच आहे. पॉइंट हळूहळू, कुरकुर करत जातात. इलेक्ट्रॉनिक डबी गेली की गेली.

पायरी ८ : पेट्रोल आणि हिवाळा

२०२१च्या सप्टेंबरपासून इथलं साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुने रबरी होज ते खातं. सुपर घ्या, ई५ लिहिलेलं, आणि होज तरीही नवे बसवा. विकणाऱ्याला हेही विचारा की हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का. शिशाचं पेट्रोल इथे २०००पासून बंद आहे आणि मूळ सीट त्यावर अवलंबून होत्या.

रस्त्यावर पहिलं मीठ पडलं की गाडी आत. त्याआधी पुढच्या मडगार्डच्या आतून पाइपने पाणी मारा, चिखल निघेपर्यंत, आणि एक दिवस उन्हात, म्हणजे इथे जे काही मिळतं त्यात, वाळू द्या. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतो, कापडी घाला. टाकी भरून ठेवा. बॅटरीची वायर सोडवा. १९७४पर्यंतच्या गाड्यांत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यांच्या जागी १२ व्होल्टची एक बसवलेली असेल तर उत्तम. हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. चाकाला विटा लावा.

मार्चमध्ये बॅटरी जोडली की लगेच सेल्फ मारायची घाई नको. चावी अर्धी फिरवा, खिडकी खाली करा आणि मागून टिकटिक येतेय का ते ऐका. ती सुरू होऊन थांबली की मग चोक.